हातच्या कांकणाला

वुल्वरहॅम्प्टनचं दिवाणी कोर्ट, तिसरा मजला.
न्यायाधीशांच्या डोक्यावर टोप नाही,
समोर पाण्याचा जग, मागे रेडिएटर,
तो मधूनच खोकतो, वयस्क साक्षीदारासारखा.

मी दुभाष्या. माझं मत कुणी विचारत नाही.
तासावर पैसे, आणि शपथ अशी:
ऐकलं तेवढंच सांगेन, पदरचं घालणार नाही.

आज यमुना बारटक्के विरुद्ध कौन्सिल.
फुटपाथची एक फरशी, कडेला खचलेली.
फोटोत त्या फटीत पन्नास पेन्सचं नाणं उभं केलंय,
सात कोनांचं, गळ्यापर्यंत बुडालेलं.
कौन्सिलचे वकील ट्रँटर म्हणाले, नाणं तिरकं आहे.
अर्धा तास आम्ही सगळे
एका नाण्याचा तिरकेपणा बघत बसलो.

मग मनगटाकडे आले.
"दुखणं किती? एक ते दहात सांगा."
यमुनाबाईंनी आकडा दिला नाही.
म्हणाल्या, सकाळी ठणकतं, थंडीत सलतं,
पातेलं उचललं की सणक जाते कोपरापर्यंत,
एरवी नुसतं हुळहुळतं, बाही लागली तरी.
चार शब्द ओंजळीत घेऊन मी उभा,
इंग्रजीच्या खिडकीतून एकेक सरकवला.
पलीकडे लिहिलं गेलं: दुखतं, कमीजास्त.

"आता कोणतं काम जमत नाही?"
पोळी.
"लाटताच येत नाही?"
येते. पण गोल होत नाही.
ट्रँटर चष्म्यावरून: "म्हणजे तक्रार फक्त आकाराची?"
मी भाषांतर केलं. करावंच लागतं.
यमुनाबाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत.
उजवा हात टेबलावर ठेवला, उताणा,
आणि म्हणाल्या,
हातच्या कांकणाला आरसा कशाला?

आता सांगा, काय करायचं माणसानं.
त्या हातात कांकण नव्हतंच. सूज आल्यापासून
सगळी डाव्या हातात दाटीनं राहतात.
अर्थ सांगावा, तर पदरचं घातल्यासारखं.
मी शब्दशः सांगितलं.
ट्रँटरनी कांकणाचं पान शोधायला
पुराव्यांचा गठ्ठा उलटला.
न्यायाधीश पेनचं टोपण लावत म्हणाल्या,
"इथे आरसाच लागतो, मिसेस बारटक्के.
हात आम्ही शेवटी बघतो."
हेही मी सांगितलं.

निकाल दुपारी तीनला.
इथे तुरुंग नाही, कुणी गुन्हेगार नाही,
संशयाला जागा उरली तरी चालते,
पारडं केसभर झुकलं की पुरे.
शंभरातले एक्कावन्न म्हणजे खरं.
उरलेले एकोणपन्नास कुठे जातात
हे विचारायला अर्जाचा नमुना नाही.

पारडं झुकलं. कौन्सिलचा माणूस
दोन वर्षं त्या गल्लीत फिरकलाच नव्हता.
मनगटाचा भाव तक्त्यात असतो:
बरं होणारं इतक्याला, कायमचं आखडलेलं तितक्याला.
हे मधलं, न्यायाधीश म्हणाल्या, मधलं.
आणि त्यातून पंचवीस टक्के वजा,
कारण पडताना यमुनाबाई वर बघत होत्या,
कालव्यावरून हंसांची रांग उठली होती.
हे त्यांनी आपणहूनच सांगितलं होतं.
कुणी विचारलं नव्हतं.

आडनाव बारटक्के, चूक पंचवीस टक्के.
अख्ख्या खोलीत हे कळणारे आम्ही दोघंच.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं.
मी ओठ मिटून घेतले.

बाहेर पायऱ्यांवर त्यांनी विचारलं,
म्हणजे मी जिंकले का हो?
मी घड्याळ पाहिलं. शपथ संपून चार मिनिटं झालेली.
म्हटलं, पाऊण.
"आणि पाव?"
पाव हंसांनी खाल्ला.

त्या इतक्या हसल्या की मनगट धरावं लागलं.
मग पिशवी डाव्या हातात घेतली
आणि बसथांब्यापर्यंत खाली बघत गेल्या,
फरशी, फरशी, फरशी.